वीस गुंठ्यांचा अंगठा

सिंधुबाईचा हप्ता आला आणि माझा आला नाही, हे मला सिंधुबाईच्याच तोंडून कळलं. निम्मा अपमान तिथंच झाला.

ती विरजण मागायला आली होती. वाटी पुढं करून म्हणाली, "कुशाबाई, तुमचा आला का वो?"

"काय?"

"सन्मानाचा हप्ता. शेतकऱ्याचा. माझा सकाळीच टुंग करून आला. आमचं हे म्हणालं, बघ, दिल्लीनं तुझं नाव घेतलं."

"येईल की," मी म्हटलं. "मोठ्या खातेदारांचा उशिरा सोडत्यात."

हे मी तिथल्या तिथं रचलं. सिंधुबाई विरजण घेऊन गेली आणि मी दिवसभर फोन पोलक्यात घालून हिंडले. संध्याकाळी एकदा वाजला. कर्ज पाहिजे का म्हणून विचारणारी कुणी बाई होती. तिला दोन शब्द सुनावले तेव्हा जरा बरं वाटलं.

आता मी मोठी खातेदार म्हणजे किती मोठी, तर वीस गुंठ्यांची. कालव्याच्या कडेचे काळेभोर वीस गुंठे. बाकीचं रान मालकांच्या नावावर. मालक म्हणजे आप्पासाहेब. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण लिहिताना चालतं असं माझं मी ठरवलं आहे. सोसायटीच्या निवडणुकीला घरातलं एक मत वाढावं म्हणून त्यांनी ते वीस गुंठे माझ्या नावावर केले. निवडणूक झाली, त्यांचा माणूस पडला, आणि मालक ती गोष्ट विसरून गेले. मी विसरले नाही. आमच्या घरात हंड्यापासून ट्रॅक्टरपर्यंत कशावरही माझं नाव नाही. मला माहेरून आलेल्या पातेल्यावरसुद्धा सासऱ्यांनी स्वतःचं नाव घालून घेतलं होतं. एका सातबाऱ्यावर तेवढी मी आहे, कुशाबाई आप्पासाहेब. पुढं हप्त्याची योजना निघाली, नवरा-बायकोत एकालाच मिळणार होती, मालकांनी अर्जाचा आळस केला आणि मी भरला. त्यात म्हशीची पेंडसुद्धा धड येत नाही. पण पेंडीसाठी कोण भरतंय?

दुसऱ्या दिवशी शेण आवरून भवानीनगरला गेले. स्टँडजवळ सोनमचं सेवा केंद्र आहे. पोरगी हुशार, तोंडात सारखं मावशी-मावशी, पण नजर कॉम्प्युटरवरची हलत नाही.

"मावशी, तुमची केवायसी राहिलीय."

"म्हंजे?"

"म्हंजे तुमी तुमीच हाय का, ते सरकारला बघायचंय."

"आजवर कोण समजत व्हतं मग?"

तिनं नुसती मान हलवत ड्रॉवर उघडला. काडेपेटीएवढं यंत्र पुढं सरकवलं, त्यात तांबडा दिवा पेटत होता. "अंगठा ठेवा." ठेवला. "दाबा." दाबला. "एवढा न्हाय, काच फुटंल." मग दुसरा अंगठा, मग एकेक करत सगळी बोटं. यंत्र नुसतं टीं टीं करायचं आणि पडद्यावर तांबडी फुली यायची. मागं रांग लागली होती. रांगेतल्या बायका माझ्या बोटांकडं अशा बघत होत्या, जणू मी ती कुणाची तरी उसनी आणली होती.

सोनमनं माझा हात उलटा करून दिव्यापाशी धरला. "मावशी, रेघाच न्हाईत. सगळं झिजून गेलंय."

"झिजणारच. शेण, वैरण, भांडी, कांदं, सगळं ह्याच हातानं."

"मोबाईलवर नंबर येतो, तो सांगितला तरी चालतं. आधारला कुठला नंबर लावलाय?"

तो नंबर माझ्या पोराचा, संदेशचा. त्यानं ते कार्ड कधीच फेकून दिलं होतं. बदला म्हटलं, तर बदलायलाही अंगठाच लागतो. मग सोनम म्हणाली चेहऱ्यावर करू. मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "आता डोळं मिचकवा."

या वयात, भर स्टँडवर, मी डोळे मिचकावले. बाहेर उसाचा ट्रॅक्टर थांबला होता, त्यावरच्या ड्रायव्हरनं ते बघितलं. मोबाईलनं काय सांगितलं? ही बाई ती नव्हे. आधारवरचा फोटो मोतीबिंदूच्या आधीचा होता.

शेवटी सोनमनं इलाज सांगितला. "आठवडाभर हाताला काम देऊ नका. पाणी न्हाय, शेण न्हाय, घासणी न्हाय. तेल-व्हॅसलीन लावून नुसतं बसा. रेघा परत येत्यात. महिन्याच्या आत करा पण, न्हायतर नाव यादीतनं जातंय."

घरी येऊन मालकांना सांगितलं. ते ओट्यावर तंबाखू मळत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मालक शांतपणे ऐकतात तेव्हा मला धास्ती वाटते.

"एवढं कशाला?" ते म्हणाले. "वीस गुंठं संदेशच्या नावावर करून टाकू. त्याचा अंगठा कसा, ठेवला की उठतो."

"उठंलच. कधी कशाला लावलाय त्यानं?"

"अगं, कुणाच्या का नावावर असंना, घरातच हाय न्हवं? इंदापूरच्या कचेरीत एक चक्कर, काम झालं."

"घरातच हाय तर माझ्याच नावावर ऱ्हाऊ द्या."

पण मालक एकदा म्हणाले की ते डोक्यात ठेवतात आणि मग पुढच्या जेवणाला परत काढतात. मी ओळखलं, की महिन्यात अंगठा उठला नाही तर माझं नाव दोन ठिकाणांहून जाणार. म्हणून ज्या बाईनं बाळंतपणातसुद्धा दहाव्या दिवशी धार काढली, ती मी, दुसऱ्या दिवसापासून बसले.

बसणं हे काम किती अवघड आहे ते न बसलेल्या माणसाला कळायचं नाही. हात मांडीवर ठेवले की ते परक्यासारखे दिसतात. समोर कोंबडी तुळशीची माती उकरते, आणि तिला हाकलायला दगडसुद्धा उचलायचा नाही. मी तोंडानं हाकलली. ती गेली नाही. कोंबडीलासुद्धा कळलं की ही आता नुसती बोलणारी आहे.

सगळं काम सुनेवर पडलं. सून म्हणजे प्रगती, बारामतीच्या बाजूची, बारावी शिकलेली. पहिल्याच सकाळी मी ओट्यावरून कान लावून बसले होते. कारण आमची चंद्री म्हैस माझ्या हाताशिवाय पान्हा सोडत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मीच सांगितलं आहे. एकदा मी भाचीच्या लग्नाला गेले तर तिनं संदेशला लाथ घातली होती. म्हटलं, आता प्रगती येईल आणि म्हणेल, आत्या, तुमीच चला. मी दोनदा नाही म्हणेन आणि मग उठेन.

गोठ्यातून आधी काहीच आवाज आला नाही. मग बादलीत धार वाजायला लागली. वाजतच राहिली.

प्रगती भरलेली बादली घेऊन आली. "आत्या, आज जरा जास्तच दिलं."

"पेंड जास्त घातली असशील."

"न्हाय वो. तेवढीच."

"मग पाणी प्यायली असंल."

जनावराच्या मायेवर मी त्या दिवसापासून विश्वास ठेवत नाही.

दुपारपर्यंत शेजार गोळा झाला. शेजारचे दादासो कारखान्यातून रिटायर झालेत आणि तेव्हापासून त्यांना सगळ्याच विषयातलं कळतं. ते म्हणाले, "वहिनी, बोट कपाळावरनं फिरवायचं आन् मग मशीनवर ठेवायचं. कपाळाला तेल असतंय." सिंधुबाई म्हणाली लिंबाची साल. मी लिंबू लावलं तर भेगांतून अशी आग झाली, की मी तिच्या साती पिढ्यांची आठवण काढली, तीसुद्धा तिच्यासमोर. ती म्हणाली, "आग झाली म्हंजे लागू पडलं." कुणी तूप म्हणालं, कुणी ग्लिसरीन. मालक जाताजाता म्हणाले, "संदेशचा अंगठा." त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

येणाऱ्याला चहा द्यावा लागतो, आणि चहा मी करायचा नाही. प्रगती करायची. बायका तिचा चहा पिऊन म्हणायच्या, "चहा झाक करती वो सून. कुशाबाईचा जरा पातळ असायचा." असायचा! मी समोर जिवंत बसले होते.

गावातनं बातमी बाहेर पडली ती रूप पालटत गेली. इथून निघाली तेव्हा कुशाबाईचे ठसे गेले अशी होती. उजनीच्या पाण्यापर्यंत पोचली तेव्हा कुशाबाईचे हात गेले अशी झाली. माझी धाकटी बहीण विजयमाला पळसदेवला दिली आहे. ती भरल्या डोळ्यांनी एसटीतून उतरली आणि फाट्यापासून रडतच आली. दारात मला बघून म्हणाली, "अक्का! कसं गं झालं?"

"काय झालं?"

"हात!"

मी दोन्ही हात वर करून दाखवले. तुपानं चकाकत होते. तिला आनंद व्हायला पाहिजे होता. पण एवढं भाडं घालून आलेल्या माणसाला सगळं ठीक निघालं की जरा फसल्यासारखंच होतं. "मग मला उगंच पळवलं व्हय?" म्हणाली आणि पिशवीतून मासे काढले. ताजे, पण साफ न केलेले. आता मासे कोण साफ करणार? तिनंच केले. आजाऱ्याला भेटायला आली आणि कालवण करून, भांडी घासून गेली. जाताना मला ऐकू जाईल एवढ्या हळू प्रगतीला म्हणाली, "अक्काला बसायची लई सवय लागू देऊ नगंस."

हे एवढं सगळं मी गिळलं. सावड मात्र गिळता येईना.

आमच्याकडं कांद्याच्या लागणीला सावड असते. आज तू माझ्या रानात राबायचं, उद्या मी तुझ्या. माणसाला माणूस, दिवसाला दिवस. सिंधुबाई माझ्या रानात एक दिवस रोपं लावून गेली होती आणि तो दिवस माझ्यावर होता. नेमकी त्याच आठवड्यात तिची लागण निघाली.

प्रगती म्हणाली, "आत्या, मी जाते तुमच्याऐवजी."

"तू माझ्यासाठी आली व्हतीस का तिच्याकडनं? ती आली व्हती. मग मीच जाणार."

"आन् बोटं?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं. औषध फवारताना घालायचे रबरी हातमोजे संदेशनं आणले होते. एकदाही न घातलेले, कोरे. ते कोपरापर्यंत चढवून मी सिंधुबाईच्या रानात गेले. बायका वाफ्यात वाकलेल्या होत्या, त्या सगळ्या सरळ झाल्या.

"काय वो कुशाबाई, ऑपरेशन हाय का आज?"

"कांद्यालाच भूल देतीया वाटतं!"

मी कुणाकडं बघितलं नाही. दिवसभर मोजे घालून रोपं लावली. चिमटीत रोप कळत नव्हतं, एका जागी दोन-दोन जात होती, पण माझी ओळ कुणाच्या मागं राहिली नाही. सावड फिटली. बोटाला मातीचा कण लागला नाही. मी माझ्याच अकलेवर एवढी खूश होते, की दुसऱ्या दिवशी सकाळी सोनमकडं जाऊन हात टेबलावर ठेवला तो एखादी नवी सून मेंदी दाखवायला ठेवते तसा.

सोनम बघतच राहिली. "मावशी, रात्रभर पाण्यात व्हता का?"

मोज्याच्या आत काय होतं ते मी बघितलंच नव्हतं. घाम. दिवसभर हात घामात भिजले होते. इतके दिवस तुपावर पोसलेली कातडी सोलून निघाली होती. यंत्रानं टीं टीं केलं. या वेळी तर मला ते हसल्यासारखंच वाटलं.

घरी मालक बाहेर जायचे कपडे घालून बसले होते. समोर कागदांची पिशवी. "संदेशला बोलवून घेतलंय," ते म्हणाले. "इंदापूरला जाऊन येऊ. तू नुसतं चल. तितं अंगठाच लागंल, तो शाईचा चालतो."

म्हणजे जमीन द्यायला माझा अंगठा चालणार होता. घ्यायला तेवढा चालत नव्हता.

मी खाली बसले. खरं सांगते, त्या घडीला मला वाटलं, द्यावं करून. पोरगा काय परका आहे? एवढ्यात प्रगती आतून आली. पदराला हात पुसत उभी राहिली आणि सासऱ्याशी कधी नाही ते सरळ बोलली. "मामा, बारामतीला आधारचं मोठं केंद्र हाय. तितं ठसं नव्यानं घेत्यात. जुनं पुसून नवं. आधी ते बघू. न्हाय झालं तर इंदापूर कुठं पळून जातंय?"

"हे तू आधी का न्हाय सांगितलंस?" मी विचारलं.

"आत्या, तुमी मला विचारलं कुठं? सगळ्या गावाला विचारलं."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडं पुष्कळ होतं, पण एसटीची वेळ झाली होती.

बारामतीला जाईपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागं एसटी रांगत होती. प्रगती वाटेत मला म्हणाली नाही की कसं वाटतंय. बरं केलं. केंद्रावर चष्म्यातला एक माणूस होता, वयानं माझ्या बरोबरीचा. त्यानं माझा हात हातात घेतला आणि लगेच सोडला.

"ताई, ह्याला काय लावलंय?"

"तूप."

"आणि?"

"व्हॅसलीन. ग्लिसरीन. लिंबू."

"मीठ तेवढं राहिलं," तो म्हणाला. फडक्यानं एकेक बोट पुसलं. पुसायला एवढा वेळ लागला की मागच्या माणसानं जांभई दिली. मग मोठ्या यंत्रावर चार-चार बोटं ठेवली. पुन्हा ठेवली. करंगळ्या आधी आल्या. अंगठ्याला त्यानं स्वतः वरून दाबून धरलं. पडदा हिरवा झाला तेव्हा प्रगतीनं माझा खांदा धरला. मी तिला सांगितलं की लोक बघत्यात, पण हात काढ म्हटलं नाही.

"आता नवे ठसे लागतील थोड्या दिवसांत," चष्मेवाला म्हणाला. "पण ताई, ही बोटं जपा. ही आता विश्रांतीतली बोटं नोंदली गेली. परत तशीच झिजवली तर परत उठणार नाहीत."

मी दारापर्यंत आले आणि थांबले. आयुष्यभर राबलेल्या हातांची सरकारनं नोंद पुसली, आणि बसून खाणाऱ्या बाईचे हात माझ्या नावावर लावले. हे मी त्या माणसाला परत जाऊन सांगणार होते. प्रगतीनं ओढून एसटीत बसवलं.

नवे ठसे लागेपर्यंत मी कोंबडीकडं बघत बसून राहिले. मग सोनमच्या काडेपेटीवर अंगठा ठेवला तो पहिल्या दमात उठला. रांगेतली एक बाई म्हणाली, "सुखी दिसत्यात आजी." मी तिच्याकडं असं बघितलं, की तिनं रांग सोडली.

हप्ता आला. टुंग वाजलं तेव्हा घरची सगळी जेवायला बसली होती. प्रगतीनं वाचून दाखवलं. मी परत वाचायला लावलं, नाव तेवढं.

मालकांनी भाकरी मोडली. "आला, बरं झालं," ते म्हणाले. "पण ही केवायसी परत मागत्यात. दर बारीला तू एवढं दिवस बसणार? त्यापेक्षा वीस गुंठं—"

"बसणार," मी म्हटलं. "सरकारचं काम हाय. दर बारीला बसणार."

संदेश हसला. प्रगती हसली नाही. ती मला वाढताना हळूच म्हणाली, "आत्या, एक विचारू? कालव्याकडच्या पेरूच्या बागंला ठिबक करायचंय. त्याच्या अनुदानाला बाईचं नाव असलं तर आधी नंबर लागतो म्हणत्यात. पण नावावर रान पाहिजे."

"आन् अंगठा पाहिजे," मी म्हटलं.

"व्हय. अंगठाबी पाहिजे."

मी तिचा हात ओढून दिव्याखाली धरला. बारावी शिकलेला हात. एवढ्या दिवसांत माझी धार, माझं शेण, माझी भांडी, आणि गावाचा चहा. अंगठ्यावर रेघांचा पत्ता नव्हता. तिला ते ठाऊक होतं. तिला खरंच रान पाहिजे होतं का नुसतं बसायला पाहिजे होतं, हे मी खोदून विचारलं नाही.

"कागदांची पिशवी भरलेलीच हाय न्हवं?" मी मालकांना म्हटलं. "उद्या इंदापूरला जाऊ. कालव्याकडचं दहा गुंठं प्रगतीच्या नावावर. दहा माझ्या ऱ्हातील."

संदेशचा घास हातात राहिला. मालकांनी आधी माझ्याकडं, मग सुनेकडं बघितलं. हिशेब त्यांच्या हळूहळू ध्यानात येत होता.

"म्हंजे दोघी बसणार? एकाच येळंला?"

"सरकार बोलवंल तवा."

"मग शेण कोण काढणार? म्हशीची धार? भाकरी?"

मी त्यांच्या ताटात अजून एक भाकरी वाढली.

"तुमची बोटं कुठं सरकारला लागत्यात?"